चर्चच्या सेलमधून केनियातल्या मुलांसाठी दीड लाख: सेल कसा करायचा आणि पैसे पोचवायचे कसे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकमधलं मध्यम आकाराचं धर्मग्राम (एका चर्चची पॅरिश) आहे आणि नाताळाआधीच्या एका रविवारी जुन्या वस्तू, फराळ आणि खाण्याचा सेल करायचा आहे. उद्दिष्ट दीड लाखाचं. पैसे केनियातल्या एका शाळेतल्या गरीब मुलांना द्यायचेत, कारण तुमच्याच धर्मग्रामातल्या एक सिस्टर तिथे शिकवतात. टेबलं किती, भाव काय, स्वयंसेवक किती, असं तुम्ही विचारलंय. सेलचं पुढे सांगतो, पण आधी एक गोष्ट ठरवा: हे पैसे भारताबाहेर कोणाच्या खात्यातून जाणार? याचं उत्तर हातात नसेल तर पोस्टर छापायला टाकू नका.

लोक इथे हमखास एफसीआरएचं नाव काढतात. तो कायदा परदेशातून येणाऱ्या पैशांचा, जाणाऱ्या नव्हे. बाहेर जाणाऱ्या पैशांना फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, लागू होतो. व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात आणि त्यात देणगीही बसते. बँकेत फॉर्म ए-२ भरायचा, परदेशातल्या धार्मिक वा धर्मादाय संस्थेला देणगी असेल तर हेतूचा कोड एस-१३०३ टाकायचा. वर्षभरात १० लाखांपर्यंत टीसीएसही (पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापला जात नाही. पण ही योजना फक्त व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. म्हणून मग कोणीतरी सुचवतं, 'सेलचे पैसे खजिनदाराच्या खात्यात टाकू आणि तो पाठवील.' हे अजिबात करू नका. लोकांनी चर्चला दिलेला पैसा त्या माणसाचं उत्पन्न दिसेल आणि पुढची सगळी उत्तरं त्यालाच द्यावी लागतील.

धर्मप्रांताच्या (बिशपांच्या हाताखालच्या सगळ्या धर्मग्रामांच्या) ट्रस्टने पैसे पाठवायचे म्हटले तर आयकराचा मुद्दा येतो. भारताबाहेर खर्च केलेल्या उत्पन्नाला धर्मादाय ट्रस्टची करमाफी आपोआप मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. त्यामुळे तीन महिने आधी फादरांना घेऊन धर्मप्रांताचे हिशेब पाहणारे सीए आणि बँकेची परकीय चलन शाखा, दोघांना भेटा आणि उत्तर लेखी घ्या. सिस्टरांच्या संस्थेचा भारतातला प्रांत मुख्यालयामार्फत काही व्यवस्था करू शकतो का, हेही विचारा. यातलं काही जमलं नाही तर माझ्या मते सरळ रस्ता असा: मोठ्या देणगीदारांनी आपापल्या खात्यातून थेट शाळेच्या संस्थेला पाठवावं आणि सेलची रक्कम धर्मप्रांत ज्या मान्य मार्गाने पाठवू शकेल त्याच मार्गाने जावी. पोस्टरवर एक ओळ घालाच: 'रक्कम पाठवणं शक्य न झाल्यास ती अमुक कामासाठी वापरली जाईल.' ही ओळ नसेल तर सहा महिन्यांनी पैसे खात्यात पडून आणि लोक फादरांच्या मागे.

सेल युवक मंडळाच्या नावाने करू नका, पावतीपुस्तक ट्रस्टचंच हवं. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क खालची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच.

वस्तू केनियाला पाठवण्याचा विचार कोणी मांडला तर तिथेच थांबवा. तिथे परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे मोठे बाजार भरतात, त्यांना 'मितुम्बा' म्हणतात. आपली खोकी जाऊन तिथे नवं काही घडणार नाही, भाडं मात्र वस्तूंच्या किमतीहून जास्त पडेल.

'आपल्याकडे गरीब मुलं कमी आहेत का?' हा प्रश्न पहिल्या रविवारीच येतो. त्याला वादाने उत्तर देऊ नका, दाराशी एक फलक लावा. एकोणिसाव्या शतकात आपल्या नाशिकच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीचा आश्रम होता. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टनचं शव घेऊन इंग्लंडला पोचला. शरणपूरची बरीच मंडळी पुढे मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउनला स्थायिक झाली आणि मोंबासा आजच्या केनियातच आहे. ते मिशन प्रोटेस्टंट होतं, तुमचं धर्मग्राम कॅथलिक, पण नाशिक-केनियाचं नातं दाखवायला यापेक्षा चांगलं काही सापडणार नाही. फलकावर मुलांचे चेहरे आणि नावं नकोत. त्याऐवजी सिस्टरांकडून केनियाच्या शिलिंगमध्ये किमतींची यादी मागवा: एक गणवेश, एका सत्राचं जेवण, एक बाक.

आता सेल. तारीख डिसेंबरचा पहिला रविवार, कारण पगार नुकते झालेले असतात. त्यानंतर कॅरल आणि नाताळच्या गोठ्याच्या देखाव्याच्या तयारीत माणसं मिळत नाहीत. फेब्रुवारीत ढकलू नका, तेव्हा बाळ येशूची यात्रा असते.

दीड लाखाचा माझा अंदाज असा. फराळ ८० किलो, सरासरी ५०० रुपये किलो, म्हणजे ४०,०००. मिसळ ३०० प्लेट, ८० रुपयांनी २४,०००. जुन्या वस्तू ५००, सरासरी ६० रुपये, ३०,०००. लिलाव २५,०००. हाऊजीची (तंबोल्याची) २०० तिकिटं, ५० रुपयांनी १०,०००. बेरीज १,२९,००० होते. उरलेले २१,००० पाकिटातल्या देणगीतून येतील असं धरा. हा हिशेब मंडप, गॅस, किराणा आणि हाऊजीची बक्षिसं दुसऱ्या कोणी देणगी म्हणून दिली तरच खरा, नाहीतर चौथा हिस्सा खर्चात जातो. तिकिटं विकून सोडत मात्र काढू नका, परवानगीशिवायची लॉटरी गुन्हा आहे. हाऊजीतही रोख बक्षीस नको, बक्षिसाला फराळाचा डबा पुरे.

फराळ आगाऊ नोंदवून, पैसे आधी घेऊनच करा. करंजीत ओलं खोबरं नको, दोन दिवसांत खवट होतं. सुकं खोबरं वापरा. शंकरपाळ्यांना १ किलो मैद्यामागे पाव किलो तूप आणि ३०० ग्रॅम साखर घेतली तर दीड किलोच्या आसपास माल निघतो. केकवर 'अंडं आहे' किंवा 'अंडं नाही' हे ठळक लिहा. चर्चबाहेरचं गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं.

मिसळीचं प्रमाण १०० प्लेटला: सुकी मटकी ४ किलो, फरसाण ५ किलो, कांदे ३ किलो, लिंबं ३०, पाव २२०. रस्सा ३५ लिटर. रस्सा नेहमी मटकीच्या आधी संपतो, कारण नाशिककर दुसऱ्यांदा रस्सा मागितल्याशिवाय उठत नाही आणि त्याचे पैसे घेणं शोभत नाही. सगळ्यात जास्त गडबड मोडांची होते. डिसेंबरच्या थंडीत मटकीला मोड यायला दीड दिवस लागतो. रविवारसाठी शुक्रवारी सकाळी भिजत घाला, रात्री फडक्यात बांधून उबेला ठेवा. शनिवारी सकाळी भिजवलीत तर रविवारी नुसती फुगलेली मटकी वाढावी लागेल. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयच्या (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नोंदणीचं आधी विचारून ठेवा. लाउडस्पीकरला पोलिसांची परवानगीही लागेल.

जुन्या वस्तू सेलच्या दोन आठवडे आधीपासून, फक्त रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) घ्या. रोज घ्यायला लागलात तर चर्चचा हॉल गोदाम होतो. औषधं, सौंदर्यप्रसाधनं, हेल्मेट, विजेची नादुरुस्त उपकरणं दारातच परत करा. अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तकं थेट रद्दीत. भाव १०, २०, ५०, १०० एवढेच ठेवा, ३५ किंवा ७५ लिहिलंत की सुट्ट्यांची मारामारी. स्टीलची भांडी सगळ्यात आधी जातात. त्यांचा भाव मोडीच्या दरापेक्षा थोडा वर ठेवा, नाहीतर भंगारवाले पहिल्या दहा मिनिटांत टेबल रिकामं करतात. पहिल्या तासाला माणशी पाच वस्तूंची मर्यादा घाला.

लिलावात कापणीच्या सणासारखंच शेतातलं आणि घरातलं काहीतरी ठेवा: कांद्याची गोणी, बेदाणे, गावठी कोंबडा. बोली बोलणारा माणूस विनोदी हवा. कोंबडा घेणारा पुष्कळदा तो परत दान करतो आणि एकच कोंबडा तीनदा विकला जातो.

पैशांकडे बारीक लक्ष द्या. सुरुवातीचे सुट्टे ३,००० रुपये: दहाच्या १०० नोटा, वीसच्या ५०, पन्नासच्या २०. प्रत्येक टेबलाला कुलपाचा डबा, खिशात कोणीही पैसे ठेवायचे नाहीत. क्यूआर कोड एकच, ट्रस्टच्या खात्याचा, आणि पैसे आल्याचं सांगणारा स्पीकर हवाच, कारण खोटे स्क्रीनशॉट दाखवणारे चर्चच्या आवारातही येतात. नात्यात नसलेल्या दोघांनी मोजायचं, तिसऱ्याने सही करायची, सोमवारी बँकेत भरायचं. रोख भरताना ट्रस्टचा पॅन जवळ ठेवा.

रक्कम एकदाच पाठवा, कारण प्रत्येक वेळी बँकेचं शुल्क बसतं. अर्जावर शुल्काचा पर्याय 'अवर' निवडा, म्हणजे मधल्या बँकेची वजावट शाळेच्या पैशातून होणार नाही. शाळेच्या संस्थेचं खातं, स्विफ्ट कोड (बँकेचा आंतरराष्ट्रीय कोड) आणि खात्यावरचं नाव सिस्टरांकडून बँकेच्या पत्रावरच मागवा, व्हॉट्सॲपवर आलेल्या नंबरावर विसंबू नका. तिथून पोच आली की हिशेबाच्या कागदासोबत ती सूचनाफलकावर महिनाभर राहू द्या.

आणि उरलेला माल. संध्याकाळी पाच वाजता दोन खोल्या भरतील इतके कपडे शिल्लक असतात आणि स्वयंसेवक गळालेले असतात. टेम्पो आणि माल उचलणारा माणूस आदल्या आठवड्यातच ठरवून ठेवा, भाव मिळो न मिळो.