चहात गोळी मिसळू नका

नागपूरच्या नंदनवनहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगा 21 वर्षांचा. चार महिन्यांपासून रात्र-रात्र जागतो, कॉलेज सुटलंय. शेजारी भिंतीतून ऐकतात म्हणतो, घरच्या भाजीत काहीतरी कालवलंय म्हणून ताट सरकवतो. मागच्या आठवड्यात वडिलांनी दार अडवून मोबाईल हिसकावला, तेव्हा त्याने ढकललं आणि त्यांचं मनगट मोडलं. आजी म्हणतात, बाहेरचं आहे. एक ओळखीचे म्हणतात, झोपेची गोळी चहातून द्या. सगळं पत्र पुस्तकी भाषेत, शेवटची ओळ तेवढी घरच्या बोलीत: "ताई, हा मले मारन तर नाही ना?"

आधी तिचंच उत्तर देते. बहुतेक नाही. पण "काही होत नाही" असंही म्हणणार नाही. ही लक्षणं सायकोसिसच्या, म्हणजे भास आणि खोटे संशय खरे वाटू लागतात त्या आजाराच्या, सुरुवातीची असू शकतात, ते डॉक्टर ठरवतील. या आजारातली बहुतेक माणसं कुणाला गंभीर इजा करत नाहीत. जिवाचा धोका असतो तो बरेचदा त्यांच्या स्वतःच्याच. मात्र उपचार सुरू होण्याआधीचा काळ अवघड असतो आणि तुम्ही नेमक्या त्याच काळात आहात. नियमित औषधाने हा धोका उतरतो.

ढकललं तो प्रसंग पुन्हा आठवा. तो धावून आला नव्हता, कोंडीत सापडला होता. आपला घात होणार असं ज्याला खरंच वाटतंय, त्याला दारात उभा बाप कसा दिसत असेल? म्हणून यजमानांना सांगा, वाट अडवायची नाही, चार हात लांब राहायचं, आवाज चढवायचा नाही. शेजारी ऐकत नाहीत हे पटवत बसू नका. "तुला झोप नाही, त्यासाठी डॉक्टरकडे जाऊ" एवढंच म्हणा. झोपेच्या नावाने पोरं बरेचदा तयार होतात. सुऱ्या-विळी नजरेआड ठेवा. दारू-गांजाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. न ओरडता विचारा, नशेने धोका बराच वाढतो.

चहातली गोळी मात्र अजिबात नको. जेवणात काही घालतात असा ज्याचा समज, त्याला एक दिवस कपाच्या तळाशी पांढरं दिसलं तर? त्याची शंका तुम्हीच खरी केलीत. मग तो तुमच्या हातचं पाणीही घेणार नाही, आणि राग निघेल चहा देणाऱ्यावर.

मेडिकलला, म्हणजे आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार ओपीडी आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. (तिथल्या चौकाचं पागलखाना चौक हे नाव आपण नागपूरकरांनीच रुळवलं, आणि आता त्या नावाला घाबरून लोक तिकडे फिरकत नाहीत!) तो येत नसेल तर आधी तुम्ही दोघं जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे. अगदीच नाइलाज झाला, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा तज्ज्ञ किंवा डॉक्टर, अशा दोघांच्या तपासणीनंतर त्याच्या संमतीशिवायही दाखल करता येतं.

आजींना अंगारा लावू द्या. साखळी, मारझोड मात्र नाही, कायद्यानेही बंदी आहे.

कानात येणारे आवाज "अमक्याला मार" म्हणतात, असं तो बोलला, हत्यार उचललं किंवा मरणाची भाषा केली, तर समजावत बसू नका. अंगावर येण्याची भीती असेल तर घरातले सगळे बाहेर पडा, नुसती मरणाची भाषा असेल तर त्याला एकटं सोडू नका; 112 लावा आणि "मुलगा आजारी आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा.

आणखी एक. प्लास्टर घालताना "बाथरूममध्ये पडले" सांगितलंत, असं लिहिता. मानसोपचारतज्ज्ञांना तरी खरं सांगा. किती घाई करायची, हे ते त्यावरूनच ठरवणार आहेत.