जॉन ॲडम्स यांचं ऑर्केस्ट्रा-संगीत 'तेच तेच' का वाटतं? ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'शॉर्ट राइड इन अ फास्ट मशीन' तीनदा ऐकलं, चार मिनिटं एक लाकडी ठोकळा टकटक करत राहतो आणि भोवती पितळी वाद्यांचा दणदणाट. एवढ्यावरून जॉन ॲडम्स यांना आजच्या अमेरिकेतले मोठे संगीतकार का म्हणायचं? आणि चाळीस-पन्नास वर्षं ते हेच करत आले आहेत का?

त्या ठोकळ्यापासूनच सुरू करतो, कारण तुमचं लक्ष अगदी योग्य ठिकाणी गेलंय. शाळेत असताना मिरजेत मी सात वर्षं तबला शिकलो. सुरुवातीचे कित्येक महिने गुरुजींनी फक्त ठेका धरायला लावला. समोर कुणी कितीही रंगून गात असो, आपण विलंबित एकताल धरून बसायचं. हात शिवशिवायचे, पण एक तुकडा वाजवायची मुभा नव्हती. गाणाऱ्याला मोकळं व्हायचं असेल तर खाली कुणीतरी घट्ट बसलेलं लागतं, हे मला तिथे कळलं आणि ॲडम्स ऐकताना पुन्हा कळलं.

'शॉर्ट राइड'मधला तो वुडब्लॉक ठेका धरून बसलाय. चौथ्यांदा ऐकाल तेव्हा टाळी ठोकळ्यावर द्या आणि पितळी वाद्यं कुठे पडतात ते बघा. ती टाळीवर पडत नाहीत. कधी किंचित आधी येतात, कधी मागून, आणि मध्येच त्यांचे गट बदलतात. थोड्याच वेळात तुमची टाळी डळमळते, सम कुठे गेली कळत नाही, आणि ठोकळा मात्र हलत नाही. ट्यूबा, डबल बास असली अवजड वाद्यं त्या अरुंद बोळातून धावत न्यायची, हीच त्या रचनेतली गंमत. शेवटच्या मिनिटाच्या आसपास ठोकळा थांबतो आणि ट्रम्पेट्स एक लांब, रुंद सुरावट घेऊन वर येतात. त्या क्षणी जो श्वास सुटतो, तो आधीच्या तीन मिनिटांनी कमावलेला असतो. ही रचना 1986 सालची. माझ्या मते ॲडम्स यांची पुढची सगळी वाट त्या शेवटच्या मिनिटात दिसते. आधी लय पक्की केली, मग त्या लयीवर सुरावटीला मोकळं सोडायला ते शिकत गेले. तेव्हा 'हेच करत आले का' याला माझं उत्तर 'नाही' असं आहे.

आता थोडं मागे जातो. ॲडम्स यांचा जन्म 1947 चा, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावचा. वाढले व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरमध्ये. वडिलांनी क्लॅरिनेट शिकवलं, आई गायची. आजोबांचा विनिपसॉकी तळ्याकाठी नाचाचा हॉल होता, आणि घरात जॅझ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन आणि मोत्झार्ट यांच्यात उच्च-नीच नव्हतं. मुलगा गावच्या बँडमधून क्लॅरिनेट वाजवत फिरायचा. मग हार्वर्ड. तिथे त्यांचे गुरू लिऑन कर्शनर, आणि कर्शनर हे आर्नोल्ड शोनबर्ग यांचे शिष्य. म्हणजे आपल्या घराण्यांच्या हिशेबाने ॲडम्स शोनबर्ग यांचे नातशिष्य लागतात. शोनबर्ग यांनी बाराही स्वरांना सारखा मान देऊन षड्जाचं राज्यच संपवलं होतं, आणि साठच्या दशकात अमेरिकन विद्यापीठांत गंभीर संगीत म्हणजे तेच, असा दंडक होता. ॲडम्स दिवसा वर्गात ते शिकायचे आणि रात्री खोलीवर रॉकच्या तबकड्या ऐकायचे. ज्या संगीताचा आदर करायचा ते कानाला आवडत नाही आणि जे आवडतं ते वर्गात चालत नाही, ही ओढाताण त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितली आहे.

1971 मध्ये ते फोक्सवॅगन बीटल गाडीत सामान टाकून सॅन फ्रान्सिस्कोला आले ते तिकडचेच झाले. पुढे दहा वर्षं तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, शिकवलं. टेपचे तुकडे, स्वतः जोडलेला सिंथेसायझर, प्रयोगशील अमेरिकन संगीतकार जॉन केज यांच्या धर्तीचे प्रयोग, असं बरंच काही करून पाहिलं. त्या सुमारास स्टीव्ह राइश, टेरी रायली, फिलिप ग्लास यांचं मिनिमलिझम समोर आलं: छोटासा स्वरसमूह, स्थिर लय, आणि फार हळू होणारा बदल. ॲडम्स यांना त्यात षड्ज परत सापडला. पण ते तिथे थांबले नाहीत. डोंगराळ रस्त्यावर गाडी चालवत असताना एकोणिसाव्या शतकातले जर्मन संगीतकार वाग्नर ऐकून आपल्याला कसं उमगलं की या माणसाला भावनेची खरी तळमळ आहे, हे त्यांनी लिहून ठेवलंय. मिनिमलिझमची लय हवी आणि वाग्नरची तळमळही हवी, असं दोन्ही हातांनी मागणारा माणूस हा. 1978 चं 'शेकर लूप्स' हे त्यातून निघालेल्या पहिल्या पक्क्या कामांपैकी एक. आधीचा एक प्रयोग सपशेल फसला होता, त्याचेच तुकडे सोडवून त्यांनी तंतुवाद्यांसाठी ही रचना बांधली.

आता 'हार्मोनीलेअर' ही तीन भागांची ऑर्केस्ट्रा-रचना. यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्यासाठी ॲडम्स म्हणजे आधी हेच. हे नाव शोनबर्ग यांच्या 1911 च्या पाठ्यपुस्तकाचं: स्वरसंवादाचं शास्त्र. आजेगुरूंच्या पुस्तकाचं नाव घ्यायचं आणि त्यांनी जे सोडून दिलं तेच पोटभर वाजवायचं, असा हा प्रकार. याआधी दीड वर्ष ॲडम्स यांना काही सुचत नव्हतं. रोज बसायचे, हाती काही लागायचं नाही. मग एक स्वप्न पडलं. ते सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवरून चाललेत, खाली पाण्यात एक भलंमोठं तेलवाहू जहाज उभं आहे, आणि बघता बघता ते जहाज सॅटर्न रॉकेटसारखं सरळ आकाशात उठतं. त्याच्या तळाचा तपकिरी-नारिंगी गंजका रंगसुद्धा त्यांना दिसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ई मायनरचे ते घणाघाती स्वरपुंज लिहिले, ज्यांनी रचना सुरू होते.

मी गेली चौदा वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे ओकलंडला राहतो आणि कामासाठी त्याच पुलावरून जातो. पुलाच्या दक्षिणेला खाडीत जहाजं नांगर टाकून उभी असतात. भरलेलं जहाज पाण्यात खोल बसतं. रिकामं मात्र उंच तरंगतं, आणि मग त्याचा एरवी पाण्याखाली असणारा तांबूस पट्टा दिसतो. 'हार्मोनीलेअर' ऐकलं नव्हतं तोवर मी तो पट्टा कधी पाहिलाच नव्हता. आता सकाळी असं जहाज दिसलं की ते ठोके आपोआप सुरू होतात. पहिला भाग त्या ठोक्यांनी उघडतो आणि त्यांनीच मिटतो. मधे मात्र लय विरघळते आणि चेलोंची एक लांबलचक, व्याकूळ सुरावट सुरू होते, संपता संपत नाही अशी. 'तेच तेच' म्हणणाऱ्याला मी ही पाच-सात मिनिटं ऐकवतो.

दुसऱ्या भागाचं नाव 'द अँफोर्टस वूंड'. भरून न येणारी जखम घेऊन बसलेल्या दंतकथेतल्या राजाची जखम. इथे तिचा अर्थ न सुचणं. एकटा ट्रम्पेट अंधारात चाचपडतो आणि शेवटी सगळा ऑर्केस्ट्रा एका कर्कश किंकाळीवर येऊन फुटतो. तिसरा भाग थेट अंगाईसारखा सुरू होतो. ॲडम्स यांच्या तान्ह्या मुलीचं लाडाचं नाव क्वॅकी. ती मध्ययुगातले संत माइस्टर एकहार्ट यांच्या खांद्यावर बसून ग्रहताऱ्यांतून चाललीय, असं हेही एक स्वप्नच.

सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीने 1985 मध्ये एडो द वार्ट यांच्या दिग्दर्शनाखाली हे पहिल्यांदा वाजवलं. मी ते पुष्कळ वर्षांनी या सिम्फनीच्याच डेव्हिस हॉलमध्ये ऐकलं, मंचामागच्या स्वस्त खुर्चीवर बसून. तिथून वादकांच्या पाठी आणि कंडक्टरचा चेहरा दिसतो. माझ्या अगदी खाली तालवाद्यं होती. तिसऱ्या भागात एक वादक हातात काठ्या धरून स्तब्ध उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो मात्रा मोजत होता. मीही त्याच्याबरोबर मोजायला लागलो आणि थोड्या वेळाने माझा हिशेब चुकला. त्याचा नाही चुकला. शेवटी ई-फ्लॅट मेजर उघडतो, तो एकदम येत नाही. दोन-तीन वेगवेगळ्या षड्जांचे स्वरसमूह एकमेकांशी झुंजत राहतात आणि त्यांतला एक जिंकतो. माझ्या खुर्चीचा हात थरथरत होता हे मला टाळ्या सुरू झाल्यावर जाणवलं.

यानंतरचा मोठा पालट नव्वदच्या दशकात झाला. 1993 चा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, घ्या. ज्या माणसाला सगळे ठोक्यांचा संगीतकार म्हणत होते, त्याने अर्धा तास जवळजवळ न थांबता व्हायोलिनला गायला लावलं. दुसरा भाग शाकॉन आहे, म्हणजे खाली बासची एक ओळ फिरून फिरून येते आणि वर एकल वाद्य वाटेल तसं हिंडतं. ख्यालाचा श्रोता याला बिचकणार नाही. खाली आवर्तन, वर बढत. फरक एवढाच की ॲडम्स ते आवर्तनही ताणतात, आखडतात, त्याचे स्वर बदलतात. आपल्याकडे तबल्याने असं केलं तर मैफलीत गोंधळ उडेल. इथे मात्र एखादं ओळखीचं घर स्वप्नात दिसावं तसं वाटतं: खोल्या त्याच, पण दारं हललेली.

'द धर्मा ॲट बिग सर' (2003) तुम्ही मुद्दाम ऐका. लॉस एंजलिसचा वॉल्ट डिस्नी कॉन्सर्ट हॉल उघडला तेव्हा लिहिलेली, सहा तारांच्या इलेक्ट्रिक व्हायोलिनसाठीची ही रचना. दुसरा भाग टेरी रायली यांना आदरांजली आहे, आणि रायली हे किराना घराण्याच्या पंडित प्राणनाथ यांचे शिष्य. किराना म्हटलं की आम्हा मिरजकरांचे कान टवकारतात, कारण अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या गावी राहिले. प्राणनाथ यांची परंपरा अब्दुल वहीद खाँसाहेबांची, पण घराणं एकच. पाश्चात्त्य संगीताने स्वर सुटे सुटे डब्यांत ठेवले, जगात इतरत्र मात्र खरा अर्थ दोन स्वरांच्या मधे असतो, हा ॲडम्स यांचा विचार या रचनेमागे आहे. व्हायोलिन मींड घेत घेतच चालतं. शिवाय पियानो आणि हार्प त्यांनी नेहमीच्या पद्धतीने न जुळवता शुद्ध स्वरांतरांत जुळवायला लावले. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार आणि पेटीचा गंधार यांत जो फरक आहे, तोच हा. पेटीचा जरा चढा असतो. आपल्या आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला दूर ठेवलं त्याची एक बाजू हीच होती. तोच प्रश्न कॅलिफोर्नियातल्या एका माणसाने शंभर वादकांच्या ऑर्केस्ट्रापुढे ठेवावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

'ऑन द ट्रान्समायग्रेशन ऑफ सोल्स' मात्र जपून ऐका. 11 सप्टेंबरच्या हल्ल्याला वर्ष झालं तेव्हा न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने 2002 मध्ये ती सादर केली, आणि 2003 चा पुलित्झर पुरस्कार तिला मिळाला. सुरुवातीला रस्त्यावरचे ध्वनिमुद्रित आवाज येतात, मग 'मिसिंग' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा, मग नावं. हरवलेल्यांच्या शोधासाठी नातेवाइकांनी भिंतींवर चिकटवलेल्या कागदांतली साधी वाक्यं गायली जातात. इथेही पुनरावृत्तीच आहे, पण आता तिचं काम वेगळं आहे. घरात कुणी गेलं की आपण तेच वाक्य दहादा बोलतो, तशी.

सगळंच मला आवडतं असं नाही. 2009 चं 'सिटी नोअर' मला फार गर्दीचं वाटतं. प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी चालू, सॅक्सोफोन सुंदर, पण बसायला जागा नाही. त्यापेक्षा 2015 चं 'शेहरझाद.2' मला कितीतरी जवळचं. त्यात एकल व्हायोलिन म्हणजे छळाला तोंड देणारी बाई, आणि जोडीला चिंबालोम हे आपल्या संतूरच्या कुळातलं वाद्य. दाढीवाल्या पुरुषांचा घोळका तिचा निवाडा करतो त्या भागात ऑर्केस्ट्रा अक्षरशः तिच्या अंगावर येतो आणि ती एकटी बोलत राहते.

तर क्रम असा धरा. आधी 'शॉर्ट राइड' पुन्हा एकदा, टाळी देत. मग 'हार्मोनीलेअर', रात्री, चांगल्या हेडफोनवर, तिन्ही भाग सलग. चाळीस मिनिटं लागतात. दोन-चार दिवस जाऊ द्या. मग व्हायोलिन कॉन्चेर्टोचा दुसरा भाग लावा आणि नुसती बासची ओळ मोजा. काही आवर्तनांनी तुमचं मोजणं सुटेल. सुटू द्या, आणि तिथून पुढे व्हायोलिन ऐका.