ती नांदते, तो नांदवतो

प्रश्न असा आहे: ‘जळगाव-धुळ्याकडे “पोरगी नांदत नाही” आणि “पोराकडचे नांदवत नाहीत” अशी दोन्ही वाक्यं ऐकू येतात. अर्थ एकच का? “मुलगा नांदत नाही” असं कोणी का म्हणत नाही? आणि अर्जात लिहायची वेळ आली तर यांतलं काय लिहावं?’

अर्थ एक नाही. दोन्ही वाक्यांत बाई माहेरीच आहे, पण पहिल्यात बोट तिच्याकडे आहे आणि दुसऱ्यात सासरकडे. क्रियापद बदललं की दोष या घरातून त्या घरात जातो, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

‘नांदणे’ची व्युत्पत्ती संस्कृत ‘नंद्’ धातूपासून, म्हणजे आनंदाने असणे. जुन्या मराठीत देव नांदतो, गाव नांदतं, घरात लक्ष्मी नांदते. आजही ‘शांतता नांदते’, ‘चौघे भाऊ एकत्र नांदतात’, ‘दोघं गुण्यागोविंदानं नांदतात’ अशा वाक्यांत पुरुषाला अडकाठी नाही. अडकाठी येते ती एकवचनात, लग्नाच्या संदर्भात. ‘ती वर्षभर नांदली’ हे सरळ वाक्य आहे. ‘तो वर्षभर नांदला’ म्हटलं की ऐकणारा थांबतो. घरजावयाबद्दल कोणी तसं म्हणतं, पण ते टोमणा म्हणून. कारण नवरा होता तिथेच राहतो. घर बदलते ती बायको, आणि बदललेल्या घरात टिकून राहणं, तिथल्या माणसांशी जमवून घेणं, हे सगळं काम ‘नांदणे’ या एका क्रियापदात तिच्या नावावर चढलेलं आहे.

इथे एक बारकावा सहसा सुटतो. नांदणं हे नवऱ्यापेक्षा घराशी बांधलेलं आहे. खानदेशातले कितीतरी तरुण कामाला सुरतेत असतात. नवरा तिकडे खोलीवर आणि बायको पारोळ्याकडे गावी सासू-सासऱ्यांजवळ, अशी जोडपी पुष्कळ. नवरा-बायको एका छपराखाली नाहीत, तरी ती ‘नांदते’. उलट दोघंही सुरतेत एका खोलीत राहू लागली की लोक म्हणतात, ‘ते सुरतला राहतात.’ नवरा गेल्यावर सासरीच राहिलेल्या बाईबद्दलही ‘नांदली’ हेच म्हणतात. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) ओळ इथे नेमका दाखला आहे: ‘लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते.’ ओळीत माय आहे, लेक आहे, सासर आहे, माहेर आहे. नवऱ्याचा उल्लेख नाही आणि त्याची गरजही पडलेली नाही.

आता ‘नांदवणे’. हे प्रयोजक रूप, चालणे-चालवणे यासारखं. नांदते ती, नांदवणारा तो किंवा ‘ते’, आणि ती कर्म होते. बायकोने नवऱ्याला नांदवलं, असं वाक्य मराठीत रुळलेलं नाही. लग्नाची बाकीची क्रियापदंही याच बाजूला झुकलेली आहेत: ‘पोरगी एरंडोलला दिली’, ‘त्यानं चोपड्याची केली’, ‘आणली’, ‘पाठवली’, ‘टाकली’. या सगळ्यांत बाई कर्म आहे. तरीही ‘नांदवणे’ मला टाकाऊ वाटत नाही. बाईची बाजू मांडायला ते फार उपयोगी आहे, कारण त्यात जबाबदारी कोणाची ते स्पष्ट होतं. ‘नांदवत नाहीत’ म्हणताच, तिला घरात मान देऊन ठेवणं हे त्यांचं काम होतं आणि ते त्यांनी केलं नाही, असा आरोप उभा राहतो.

चूक होते ती इथे. मराठीत ‘-वणे’ने प्रयोजक रूप होतं तसं शक्यतेचंही होतं. ‘आजीला आता चालवत नाही’ म्हणजे चालणं होत नाही. त्याच नियमाने ‘मला नांदवत नाही’ म्हणजे ‘माझ्याच्यानं नांदणं होत नाही.’ आणि ‘तो मला नांदवत नाही’ यातला ‘तो’ गाळला की उरतं तेच: ‘मला नांदवत नाही.’ अनेकवचनात ‘नाहीत’मधला शेवटचा ‘त’ आपल्याला वाचवतो, एकवचनात तोही नाही. भूतकाळात तर ‘तिला नांदवलं नाही’ हे दोन्ही अर्थांनी वाचता येतं. बोलताना संदर्भ असतो, सूर असतो. कागदावर दोन्ही नसतात. म्हणून लेखी मजकुरात कर्ता कधीही गाळू नये. प्रयोजक हवं तर ‘त्यांनी मला नांदवलं नाही’. शक्यता सांगायची तर ‘माझ्याच्यानं नांदवलं नाही’, आणि मग लगेच ‘कारण’ म्हणून पुढचं वाक्य लिहावं.

हा नुसता व्याकरणाचा काथ्याकूट नाही. पत्नीच्या पोटगीची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. पुरेशा कारणाशिवाय पतीसोबत राहायला नकार देणाऱ्या किंवा परस्परसंमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला पोटगी मिळत नाही, असं त्याच कलमात आहे. म्हणूनच नवऱ्याच्या उत्तरात ‘मी तिला नांदवण्यास तयार आहे’ हे वाक्य इतक्या वेळा दिसतं. तो तसं म्हणाला, तरी ती का जात नाही याची कारणं न्यायालय बघतं. त्याने दुसरं लग्न केलं असेल तर तिच्या नकाराला ते पुरेसं कारण, असं कायदाच म्हणतो. अशा वेळी ‘मी नांदत नाही’ एवढं लिहून थांबणं म्हणजे स्वतःच्या विरुद्ध लिहून देणं. ‘आम्ही वेगळे राहतो’ हेही जपून लिहावं. त्यातून संमतीचा वास येतो, शिवाय आपल्याकडे ‘वेगळे राहतात’चा पहिला अर्थ ‘आई-बापांपासून वेगळे निघाले’ असाच घेतला जातो.

एक वाक्य जवळून पाहू. माहेरची माणसं सांगतात: ‘आखाजीला आली, ती परत नेलीच नाही.’ सणाला लेक माहेरी आणायची ही खानदेशातली रीत, त्यामुळे ती येण्यात वावगं काही नाही. वाक्याच्या पूर्वार्धात कर्ता ती आहे. उत्तरार्धात ‘नेली नाही’चा कर्ता सासरचे, पण तो बोलला गेलेला नाही. कागदावर उतरवताना कोणी घाईत ‘आली ती गेलीच नाही’ करून टाकलं, तर न नेणाऱ्यांचा दोष न जाणारीवर पडला. तेव्हा असं लिहावं: ‘अमुक तारखेला अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी मी माहेरी आले. त्यानंतर पती व सासू-सासरे यांनी मला नेले नाही. मी अमुक तारखेला स्वतः सासरी गेले असता मला घरात घेतले नाही.’ ‘आखाजीला’, ‘पोळ्याला’ एवढ्यावर भागवू नये. सण दरवर्षी येतो, तारीख आणि साल हवंच. अर्थात जे घडलं तेच लिहायचं, क्रियापद त्याला साजेसं निवडायचं.

हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम ९ खाली सहवासासाठी अर्ज करण्याचा हक्क दोघांनाही सारखाच आहे. पण मराठीत त्याचे दोन मसुदे होतात: नवरा म्हणतो ‘तिने नांदावयास यावे’, बायको म्हणते ‘त्यांनी मला नांदवावे’. कायद्याने बरोबरीने दिलेलं आपली भाषा असं वाटून टाकते. याउलट कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात स्त्रीला सामायिक घरात ‘राहण्याचा’ हक्क आहे. तिथे कर्ता तीच आहे, तिला कोणी ‘ठेवायचं’ नाही. माझं मत विचाराल तर, तक्रार मांडताना ‘नांदवणे’ वापरावं आणि हक्क मागताना ‘राहणे’.

लग्न लागणं आणि नांदणं या दोन वेगळ्या पायऱ्या, हेही विसरू नये. मुंबईतल्या रखमाबाईंच्या खटल्यात सगळा पेच त्यावरच होता. लग्न बालपणी लागलेलं, त्या नांदायला कधी गेल्याच नाहीत, आणि पतीने १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला: सहवास मुळात कधी झालाच नाही, तर तो पुन्हा सुरू कसा करून देणार? १८८७ मध्ये मात्र ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद’ असा हुकूम निघाला. त्यांनी कैद पत्करायची तयारी दाखवली, आणि १८८८ मध्ये तडजोड झाली.

जाता जाता ‘खावटी’बद्दल. न्यायालयाच्या आवारात खावटी म्हणजे पोटगी. नंदुरबारकडच्या आदिवासी कुटुंबांना मात्र खावटी म्हटलं की आधी आठवते ती सरकारची खावटी कर्जाची योजना. अर्जात ‘पोटगी’ लिहिलेलं बरं.

राहिला वधू-वर परिचय पुस्तिकांचा मजकूर. तिथे ‘नांदली नाही’ किंवा ‘थोडे दिवस नांदली’ हा शेरा फक्त मुलीच्या नावापुढे येतो. मुलाला तो लागू होईल असं क्रियापदच नाही, म्हणून त्याची माहिती झाकून राहते. दोघांसाठी एकच रकाना ठेवावा: ‘पहिल्या विवाहात एकत्र राहिल्याचा कालावधी’.