इंटरनेट महिनाभर बंद. दाद कुठे मागावी?

प्रश्न : आम्ही सातारा जिल्ह्यातील एका गावात राहतो. मुलीच्या बारावीच्या अभ्यासासाठी वर्षभराचे पैसे आगाऊ भरून ब्रॉडबँड घेतले. पण पावसाळ्यात केबल तुटली आणि तेव्हापासून ३८ दिवस राऊटरवरचा लाल दिवा गेलेला नाही. दोनदा तर कोणी न येताच ‘आपली तक्रार सोडवली आहे’ असा संदेश आला. आता कंपनी म्हणते, की असे वाद लवादाकडे, म्हणजे न्यायालयाबाहेर निवाडा देणाऱ्या त्रयस्थाकडे जातात, ग्राहक आयोगाला त्यात अधिकार नाही. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातील कलम ७-ब मध्ये लवादाची तरतूद होती आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्याच आधारे टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचाच्या (म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाच्या) कक्षेबाहेर ठेवल्या होत्या. त्यामुळे पुढे कित्येक वर्षे ग्राहकांना हेच उत्तर ऐकावे लागले. अहमदाबादच्या एका ग्राहकाला एरवी सरासरी ५५५ रुपये बिल येत असताना एका महिन्यात २४ हजारांहून अधिक रुपयांचे बिल आले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले, की लवादाची तरतूद असली तरी ग्राहक कायद्याखालील दाद बंद होत नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतच दूरसंचाराचा उल्लेख आहे.

आपले प्रकरण कागदांवर उभे राहील, म्हणून आधी ते जमवा. प्रत्येक तक्रारीचा डॉकेट क्रमांक (कंपनीने दिलेला नोंदणी क्रमांक), पैसे भरल्याची पावती, लाल दिव्याचे तारखेसह फोटो आणि विशेषतः ते दोन खोटे संदेश जपून ठेवा. कोणी न येता तक्रार बंद केल्याचा तो कंपनीच्याच हातचा पुरावा आहे. त्यानंतर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे लेखी अपील करा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) नियमांनुसार त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हायला हवा. अपील न करताही आयोगाकडे जाता येते; तरी ते करावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण ‘आम्हाला संधीच दिली नाही’ असे म्हणायला मग कंपनीला जागा उरत नाही.

कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी आपण जिथे राहता त्या, म्हणजे सातारा जिल्हा आयोगाकडेच तक्रार दाखल करता येते. ती ग्राहक तक्रारींच्या ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरूनही होते, वकील सक्तीचा नाही, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्कही नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. बंद काळाचे पैसे, मनस्तापाची भरपाई आणि दाव्याचा खर्च, या तिन्ही मागण्या अर्जात स्वतंत्रपणे लिहा. दरम्यान मुलीसाठी मोबाइल डेटावर जादा खर्च झाला असेल, तर त्या रिचार्जच्या पावत्याही सोबत जोडा.