चुलत्यांशी बोललं तर दंड

प्रश्न : ताई, आमचं गाव रायगडमध्ये. देवळाच्या वर्गणीचा हिशेब मागितला म्हणून गेल्या वर्षी गावकीने माझ्या चुलत्यांना वाळीत टाकलं. गिरणीवाला दळण घेत नाही, दुकानदार सामान देत नाही, शिमग्याला पालखी पण त्यांच्या दारात थांबली नाही. जो बोलेल त्याला दंड. मी पनवेलला नोकरीला आहे, मेमध्ये चुलतबहिणीचं लग्न आहे. आई म्हणते जाऊ नकोस, उद्या आपल्याकडे काही झालं तर खांदा द्यायला कोण येणार? (नाव छापू नका.)

उत्तर : लग्नाला जा. हे आधीच सांगून टाकते.

आईची भीती खोटी नाहीये हां. गावात लावणी, आजारपण, मयत सगळं एकमेकांच्या जिवावर चालतं, रात्री दवाखान्यात न्यायचं तर शेजाऱ्याचीच गाडी लागते, त्यामुळे पनवेलला बसून "कोण विचारतं गावकीला" म्हणणं सोपं आहे, आईला ते परवडत नाही. म्हणून तिच्याशी भांडू नकोस, गावात काही ऐकावं लागलं तर ते तिलाच लागणार.

पण एक बघ, तो दंड चुलत्यांना नाहीये, तुला आहे. वाळीत टाकणारे पुढारी चार-पाच असतात, ते काही चोवीस तास पहारा देत नाहीत, पहारा देतात बाकीची घरं, तुझ्या आईसकट. त्यातल्या कितीतरी घरांना मनातून हे पटलेलं नसतं, पण प्रत्येकाला वाटतं की आपण सोडून सगळ्यांना पटलंय, आणि विचारणार कोणाला, विचारलं तर दंड! कोणीतरी उघडपणे जेवायला गेलं की मग बाकीच्यांना कळतं.

आता कायदा. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये वेगळा कायदा केला, जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मदत करणारा, चिथावणारा पण त्यात येतो. असा कायदा मुंबई प्रांतात १९४९ लाच झाला होता, पण दाऊदी बोहरा समाजाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये तो रद्द केला, कारण धर्मपंथाला स्वतःचा कारभार चालवायचा हक्क आहे. पंथाचा हक्क मोठा की एकट्या माणसाचा, हे कोर्टातही सोपं गेलेलं नाही. तुमच्या गावकीचं मात्र तसं काही नाही, हिशेब मागणं हा कुठल्या धर्माचा प्रश्न आहे?

तक्रार करायची की नाही ते चुलत्यांना ठरवू दे, तिथे राहायचंय त्यांना. तू फक्त पुरावे जमव, दंडाचा मेसेज ग्रुपवर आला असेल तर स्क्रीनशॉट, बैठक कधी झाली, कोण कोण होतं, सामान कोणी नाकारलं. पुढे समेट झालाच तर कोर्टाच्या परवानगीने प्रकरण मिटवताही येतं, हे आईला नक्की सांग, तिला जरा धीर येईल.

आणि त्या हिशेबाचं काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस. वर्गणी मुंबई-पनवेलवाल्यांनीही भरली असणार ना? मग मुंबई मंडळाच्या पुढच्या मीटिंगला तूच विचार, आणि एकटा नको, तुझ्यासारखे अजून दोघं-तिघं पकड.