लेदर बॉल हाती घेताना

सांगलीच्या मैदानांवर टेनिस बॉलने वेग कमावलास, छान. लेदर बॉलला मात्र शिवण असते. ती उभी धरून स्लिपकडे, म्हणजे यष्टिरक्षकाच्या शेजारी उभ्या क्षेत्ररक्षकाकडे, किंचित वळव. चेंडू हवेतच उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेर गेला तर तो आउटस्विंग. टप्पा पडल्यावर वळला तर ती सीम. स्विंगसाठी चेंडूची एक बाजू चमकवत राहा, सीमला खेळपट्टीची साथ लागते. यॉर्कर, म्हणजे थेट फलंदाजाच्या पायाशी पडणारा चेंडू, नंतर! आधी गुड लेंग्थ, म्हणजे पुढे यावं की मागे जावं हे फलंदाजाला कळू नये असा टप्पा. नेटमध्ये फलंदाजाच्या स्टंपपासून ६-७ मीटरवर रुमाल टाक आणि तिथेच मारत राहा. आपल्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे मध्यमगतीच टाकायचे, तरी १९४८ मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाच्या महान फलंदाजाचा, ब्रॅडमनचा, त्रिफळा त्यांनीच उडवला. नुसत्या वेगामागे लागू नकोस.