‘भिंतीत मटण आहे, मला माहितीये’

बाईंनी पर्समधून गॅसची जुनी पावती काढली. मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं वाक्यं लिहिलेली आणि प्रत्येकापुढे वेळ. ‘१.२० – परत मेलो.’ ‘१.३५ – भिंतीत मटण आहे, मला माहितीये.’ ‘२.१० – पुढे मृत्यू बसलाय. जायचं का?’ शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या.

“मॅडम, फोन बाहेर चार्जिंगला असतो, म्हणजे कुणाशी बोलत नाही. एकटाच. रात्री एक ते चार. यांना सांगितलं तर म्हणतात, झोपेत बरळत असेल. झोपेत कुणी ‘नमस्कार मंडळी’ म्हणतं का?”

मुलगा वीस वर्षांचा, डोंबिवलीचा, इंजिनिअरिंगला. घर वन बीएचके, त्यात आई-वडील, आजी आणि हा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि लिहायला मायलेकांची परवानगी आहे. लिहितेय ते यासाठी, की गेल्या काही वर्षांत हीच काळजी घेऊन बरेच पालक आले. पोरगं दार लावून कॉम्प्युटरवर गेम खेळतं, वर एकटं बोलतं, ते रेकॉर्डही करतं. हे व्यसन समजायचं की डोक्यावर परिणाम?

पहिल्या भेटीत मी चूकच केली. गेम, रात्रीचं जागरण, कॉलेजला दांड्या एवढं ऐकलं आणि सरळ वेळापत्रकाचा कागद पुढे सरकवला. त्यानं तो नीट घडी करून खिशात ठेवला, “थँक यू मॅडम” म्हणाला आणि तीन आठवडे फिरकला नाही. तेवीस वर्षं समुपदेशनाचं काम करूनही कधीकधी हात आपोआप त्या कागदाकडे जातो.

परत आला तो आईच्या रडण्यामुळे. या वेळी कागद काढला नाही. म्हटलं, “लॅपटॉप आणलायस ना? मग दाखव. मला यातलं काही कळत नाही, पहिल्यापासून सांग.”

गेमचं नाव कॅसलव्हेनिया. जपानच्या कोनामी कंपनीनं १९८६मध्ये काढलेला, म्हणजे या मुलापेक्षा जवळपास वीस वर्षांनी मोठा. सायमन बेलमाँट नावाचा गडी चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या वाड्यात शिरतो. एकूण सहा टप्पे आणि प्रत्येकाच्या शेवटी एक राक्षस: मोठं वटवाघूळ, मेडुसा, ममींची जोडी, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, मग साक्षात मृत्यू, आणि सगळ्यात शेवटी ड्रॅक्युला. मुलगा सांगत होता आणि आईच्या पावतीवरची एकेक ओळ माझ्या डोळ्यांपुढे उलगडत होती. मेणबत्तीवर चाबूक मारला की पत्त्यांतले असतात तसे लाल बदाम पडतात. बदाम गोळा केले की जीव वाढेल असं कुणालाही वाटेल, पण नाही, ते हत्यारं फेकायला खर्च होतात. जीव वाढतो मटणानं, आणि ते ठरावीक भिंती फोडल्या की आतून निघतं.

मला हसू आवरेना. तोही पहिल्यांदाच हसला.

तरी एक प्रश्न मी त्याला सरळ विचारला, आणि पालकांनी तो विचारायला घाबरू नये असं मला वाटतं. “गेममधलं मरण सोड. तुला स्वतःला कधी जगू नये असं वाटलंय का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट असलेला बाहेर यायला वाट मिळते. थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, निकालाच्या रात्री ‘आपण नसतो तर बरं’ असं एकदा वाटलं होतं. ठरवलं काही नव्हतं, नंतर तसं वाटलंही नाही. हे आईला सांगायचं, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर त्यानं माझ्यासमोर फोनमध्ये सेव्ह केला. पण माझ्या कानाला टोचला तो वेगळाच शब्द. निकाल? आईच्या म्हणण्याप्रमाणे हा सगळ्या विषयांत पास होता.

ते तिथेच ठेवून मी म्हटलं, “एक भाग माझ्यासमोर रेकॉर्ड कर.”

त्यानं माइक जोडला, घसा खाकरला. “नमस्कार मंडळी, आज आपण पाचव्या टप्प्यात आहोत.” आणि हा मुलगा, जो माझ्यापुढे दोन शब्दांच्या वर बोलत नव्हता, अस्खलित बोलू लागला. या गेममध्ये एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही, तेव्हा उडी मारण्याआधी विचार करा. फटका बसला की सायमन मागे उडतो, म्हणून खड्ड्याकडे पाठ करून उभं राहू नका. इतकं सुरेख मराठी, की वाटलं शाळेत वक्तृत्वाला असणार. (होता. नववीपर्यंत.)

मग मृत्यूच्या दालनाआधीचा तो बोळ आला. समोरून चिलखतातले पहारेकरी कुऱ्हाडी फेकतात आणि त्याच वेळी मेडुसाची मुंडकी वरखाली लहरत येत राहतात. या टप्प्यावर चार फटके बसले की संपलं. त्याचे खांदे कानांपर्यंत गेले. आवाज बारीक झाला, मग बंदच. दीड मिनिटात सायमन कोसळला.

आणि लगेच त्याचं बोट रेकॉर्डिंग थांबवून फाइल डिलिट करून मोकळं झालं. दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. त्यानं त्या फाइलकडे पाहिलंही नाही.

फोल्डरमध्ये पहिल्या चार टप्प्यांचे भाग तयार होते, पाचव्याचा एकही नव्हता. तीन आठवडे रोज रात्री हा तो बोळ रेकॉर्ड करत होता आणि मेला की पुसत होता. गेम त्यानं जुन्या भागांच्या संग्रहातून विकत घेतलेला, त्यात मधेच सेव्ह करायची सोय आहे. ती वापरायची नाही, कारण ते ‘खरं’ नाही. हरलेलं दिसायला नको.

“आणि निकालाचं काय केलंस? तोपण डिलिट?”

तीन केट्या होत्या, म्हणजे तीन विषय राहिलेले. त्यातली एक एम-थ्रीची, गणिताच्या तिसऱ्या पेपरची. घरी ‘ऑल क्लिअर’ सांगितलेलं. परीक्षेचा फॉर्म भरायला आठ दिवस उरलेले, आणि रोज रात्री उद्या सांगू म्हणत हा माइक लावून बसायचा.

आता व्यसनाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. ती यादी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. तिच्यात तासांचा आकडा नाही, हे पालकांना सांगितलं की त्यांना आश्चर्य वाटतं. बघायचं ते असं: खेळण्यावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळं मागे पडून गेम पहिला आलाय का, आणि नुकसान होतंय हे दिसूनही खेळ वाढतोच आहे का. तेही साधारण बारा महिने, आणि घर-अभ्यास-कामाचं खरोखर वाटोळं होईल इतकं. या मुलाच्या बाबतीत मला ते दिसलं नाही. वीज गेली तर चिडायचा नाही, मामाच्या गावी चार दिवस लॅपटॉप उघडला नव्हता. खरं तर खेळता खेळता ‘मी आता काय करतोय आणि का’ हे मोठ्यानं सांगायचं म्हणजे स्वतःकडे थोडं लांबून बघावं लागतं, आणि व्यसनात नेमकं तेच जमत नाही. ज्यांच्यात वरची लक्षणं दिसतात त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. पण मुलगा दाराआड बोलतो, एवढ्यावरून तिथे जाऊ नका.

त्याला मी एकच काम दिलं. आठवडाभर एकही फाइल पुसायची नाही.

“हरलेला व्हिडिओ कोण बघेल?”

“तू स्वतः शिकलास कुणाचे बघून?”

तो विचारात पडला. पवित्र पाण्याची बाटली फेकली की ज्वाळा उठतात आणि मृत्यू जागच्या जागी अडकतो, हे त्याला जिच्याकडून कळलं ती खेळाडू त्याच व्हिडिओत त्याच बोळात सहा वेळा मेली होती.

पाचव्या दिवशी फोन आला, आईला घेऊन येतो म्हणाला. माझ्या खोलीत त्यानं स्वतः सांगितलं, आधी निकालाच्या रात्रीचं आणि मग केट्यांचं. मी मधे बोलले नाही. पहिलं ऐकताना बाईंनी त्याचा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. दुसरं ऐकून “तीन?” एवढंच म्हणाल्या. पंख्याकडे बघत बसल्या. मग, “फॉर्म कधीपर्यंत भरायचाय?”

वडिलांना सांगणं जड गेलं, दोन दिवस ते बोलले नाहीत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

राहता राहिलं जागरण. एक ते चार का, तर घर तेव्हाच शांत असतं. दिवसा कुकर, पंखा, आजीची मालिका. माइकला सगळं ऐकू येतं. म्हणजे रात्रीचा प्रश्न गेमचा कमी आणि वन बीएचकेचा जास्त होता! बुधवारी आणि रविवारी चार ते सहा टीव्ही बंद ठेवायचं ठरलं. आजींनी बुधवारला हरकत घेतली, मग तो गुरुवार झाला.

पाचव्या टप्प्याचा भाग मी पाहिला. तो बोळात चार वेळा मरतो आणि चारही मरणं तशीच ठेवलीयेत. दुसऱ्या वेळी मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. वडिलांनी लहानपणी रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी क्रिकेट समालोचन ऐकलंय, त्यामुळे त्यांचं मत वेगळंच पडलं. “बोलतोस बरा, पण चेंडू पडायच्या आत ओरडतोस. जरा दम धर.” एम-थ्री निघाला, दोन विषय अजून आहेत. ड्रॅक्युला ते पेपर झाल्यावर, असं त्यानंच ठरवलंय.